पुनर्जन्माच्या परवान्याबाबत खुलं पत्र

प्रति,
मा. संचालक,
राष्ट्रीय धार्मिक व्यवहार प्रशासन, बीजिंग

विषय : पुनर्जन्माचा परवाना आणि इतर परवाने
संदर्भ : आपला आदेश क्र. 5, सन 2007

महोदय,

मी नागपूरचा. कलेक्टर कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालो. धर्माने बौद्ध. पुढचा मजकूर थोडा बौद्ध म्हणून आणि बराचसा कारकून म्हणून लिहिला आहे, तेव्हा भाषा कुठे खरखरीत वाटली तर ती फायलींची सवय समजावी.

आपला संदर्भीय आदेश मी सावकाश वाचला. तिबेटी बौद्ध परंपरेतल्या ‘जिवंत बुद्धां’च्या, म्हणजे आधीच्या लामाचा पुनर्जन्म मानल्या जाणाऱ्या लामांच्या, पुनर्जन्माचं व्यवस्थापन कसं करावं, याचे ते नियम. चौदा कलमं, 1 सप्टेंबर 2007 पासून लागू. अर्ज मठाच्या व्यवस्थापन समितीने करायचा, तो स्थानिक धर्मखात्यामार्फत वर सरकवायचा. साधा लामा असेल तर प्रांताच्या पातळीवर मंजुरी, वजनदार असेल तर आपल्या कार्यालयाची, आणि फारच मोठा असेल तर थेट राज्य परिषदेची, म्हणजे आमच्या भाषेत केंद्रीय मंत्रिमंडळाची. एखाद्या शहराच्या सरकारने किंवा त्यावरच्या सरकारने मनाई केली असेल, तर त्या लामाने पुनर्जन्म घ्यायचाच नाही. कोणा परदेशी संस्थेची वा व्यक्तीची ढवळाढवळ चालायची नाही. मंजुरी झाली की प्रमाणपत्र. 2016 च्या जानेवारीत आपण अशा मंजूर जिवंत बुद्धांची यादी ऑनलाइनही टाकलीत, 870 नावांची.

मसुदा चोख आहे, हे एका कारकुनाने दुसऱ्याला प्रामाणिकपणे सांगायला हरकत नाही. कोणती नस्ती कोणाच्या टेबलावर थांबणार, हे स्वच्छ लिहिलंय. फक्त पडताळणी अधिकाऱ्याने नेमकं काय पडताळायचं, ते मला सापडलं नाही. मृत्यूच्या दाखल्याला डॉक्टरचा कागद लागतो, जन्माच्या दाखल्याला दवाखान्याचा. मागच्या जन्मीचा माणूस तो हाच, याला परिशिष्टात काय जोडायचं? शिवाय शेवटची सही करणारा साहेब कम्युनिस्ट पक्षाचा सदस्य असणार. पक्षाचे 10 कोटींहून अधिक सदस्य, आणि त्यातल्या एकालाही कोणताही धर्म मानायची मुभा नाही. म्हणजे जी गोष्ट जगात घडतच नाही अशी साहेबांची ठाम खात्री, ती रीतसर घडल्याचं त्यांनी स्वतःच्या शिक्क्यानिशी प्रमाणित करायचं. आमच्या कचेरीत याला खोटा दाखला देणं म्हणत आणि त्यावर निलंबन होई.

आता आपण विचाराल, की तुला काय त्याचं? रास्त प्रश्न आहे, कारण मी स्वतः पुनर्जन्म मानत नाही. आम्ही बाबासाहेबांच्या वाटेने आलेले बौद्ध. आत्मा नाही, अवतार नाही, गादीवर येणारा लामाही आमच्यात नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला इथे नागपुरात लाखो लोकांनी दीक्षा घेतली तेव्हा ज्या बावीस प्रतिज्ञा झाल्या, त्यात एक अशी आहे की आज माझा नवा जन्म होत आहे असे मी मानतो. आमच्या घरांना ठाऊक असलेला पुनर्जन्म तेवढा एकच. त्याचा अर्ज कोणी केला नव्हता आणि मंजुरीही कोणी दिली नव्हती.

माझ्या ओळखीत काही पुरोगामी मंडळी आहेत. ती मला सांगतात, चीनने निदान धर्माला वेसण तरी घातली, आपल्याकडे बघ काय चाललंय! त्यांच्यासाठीही हे पत्र आहे. पुनर्जन्म ही थोतांड गोष्ट आहे, आमचा तिच्याशी संबंध नाही, असं आपलं सरकार म्हणालं असतं तर मी टाळी वाजवली असती. पण आपण तसं म्हणत नाही. आपण म्हणता, आमचा शिक्का असेल तर पुनर्जन्म खरा आणि नसेल तर बेकायदा. याला नास्तिकता म्हणत नाहीत, धर्मनिरपेक्षता तर नाहीच. ही सरकारने स्वतःच चालवायला घेतलेली भिक्षुकी आहे, आणि भिक्षुकीचा आम्हाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असल्यामुळे ती कुठल्याही वेषात ओळखू येते.

दलाई लामांच्या खालोखाल मान असलेल्या पंचेन लामांचं प्रकरण त्या नजरेने पाहावं. 14 मे 1995 रोजी दलाई लामांनी गेधुन चोक्यी न्यिमा या सहा वर्षांच्या मुलाला अकरावा पंचेन लामा म्हणून जाहीर केलं. 17 मे रोजी मुलगा आणि त्याचे आईवडील आपल्या ताब्यात गेले. त्यानंतर त्याला बाहेरच्या कोणी पाहिलेलं नाही. शोध समितीचे प्रमुख होते ताशी ल्हुन्पो मठाचे चाद्रेल रिनपोछे. ती समिती काही बंडखोरांची नव्हती, सरकारमान्य होती. दलाई लामांशी संपर्क ठेवला म्हणून रिनपोछेंवर देश फोडण्याचा आणि राज्याची गुपितं बाहेर देण्याचा आरोप ठेवून 1997 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. एका पोराच्या मागच्या जन्माची माहिती हे राज्याचं गुपित! इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘गोपनीय’ शिक्क्याचा असा वापर मी पाहिला नाही.

इकडे 1995 च्याच नोव्हेंबरात, ल्हासाच्या जोखांग मंदिरात सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून आपण दुसरा मुलगा निवडला, ग्याल्त्सेन नोर्बू. तो आता मोठा झाला आणि चीनच्या बौद्ध संघटनेचा उपाध्यक्ष आहे. हा कलश चिंग घराण्याच्या चिएनलुंग बादशहाने 1793 मध्ये तिबेटला पाठवलेला. सरंजामशाही गाडून टाकल्याची घोषणा करणारा पक्ष बादशहाची चिठ्ठीपद्धत आपला वारसाहक्क म्हणून मिरवतो, हे मार्क्सला कसं समजावून सांगायचं ते आपणच जाणोत. आणि ती पद्धतही सगळ्यांना लागू झालेली नाही. तेरावे दलाई लामा कलशातून आले नाहीत. चौदावेही नाहीत, त्यांना तेव्हाच्या चिनी सरकारने 1940 मध्ये सूट दिली, असं आपलंच म्हणणं आहे. 2 जुलै 2025 ला नव्वदीच्या उंबरठ्यावर असलेल्या त्या चौदाव्यांनी धर्मशाळेत जाहीर केलं की गादी पुढे चालेल आणि पुढचा लामा ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाला राहील. आपल्याकडून लगोलग उत्तर आलं: कलश आणि सरकारची मंजुरी. घाई समजते. पंचेन लामा दलाई लामांना ओळखतात आणि दलाई लामा पंचेन लामांना, अशी तिकडची जुनी रीत. 1995 मध्ये सहा वर्षांच्या मुलाला का उचललं, याचं कारण त्या रीतीत आहे.

तसा दुसरा कलश बीजिंगमध्ये आपल्या हाताशी, योंगहे मंदिरात. 2023 च्या सुमारास त्याच मंदिराबाहेर तरुण पोरापोरींच्या रांगा लागत होत्या. दारात मिळणाऱ्या उदबत्त्या घ्यायच्या, तीनदा वाकायचं, मग मंत्रवलेल्या मण्यांचं ब्रेसलेट विकत घ्यायला पुन्हा रांग. त्यांच्यात एक विनोद फिरत होता: राबायचं की पुढे जायचं हे ठरत नसेल, तर उदबत्ती लावा. त्या जूनमध्ये 16 ते 24 वयाच्या तरुणांतली शहरी बेकारी 21.3 टक्के होती आणि ऑगस्टपासून आपल्या सांख्यिकी खात्याने तो आकडा देणंच काही महिने थांबवलं. पोरं देवळात का जातात, याचा अहवाल मागवायचा असेल तर तो धर्मखात्याकडून मागवू नये एवढंच सुचवतो.

परवाना असला की माणूस सुरक्षित, असा समज आमच्याकडेही असतो. आपल्याकडे तोही उरलेला नाही. पाचच धर्मांना मान्यता: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक, प्रोटेस्टंट. प्रत्येकाची एक देशभक्त संघटना, तिच्यात नोंदलेलं प्रार्थनास्थळ कायदेशीर. झेजियांग प्रांतातल्या वेन्झोउ शहरातलं सानजियांग चर्च नोंदणीकृतच होतं. मंजूर क्षेत्रफळापेक्षा मोठं बांधलं, असं कारण देऊन एप्रिल 2014 मध्ये ते पाडलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत त्या प्रांतात हजाराहून अधिक चर्चांवरचे क्रूस उतरवले, त्यात नोंदणीकृत चर्च भरपूर होती. हांगझोउच्या चोंगयी चर्चचे पाद्री गू युएस हे प्रांताच्या अधिकृत ख्रिस्ती परिषदेचे प्रमुख. क्रूस काढायला त्यांनी उघड विरोध केला आणि 2016 च्या जानेवारीत त्यांना अटक झाली. ज्यांनी नोंदणीच नाकारली त्यांचं तर विचारूच नये. चेंगडूचे पाद्री वांग यी यांना डिसेंबर 2019 मध्ये नऊ वर्षांची शिक्षा ठोठावली, कलम काय, तर राज्यसत्ता उलथवण्याची चिथावणी. नानजिंगच्या छापखान्यात 20 कोटींहून जास्त बायबल छापली गेली, हे आपण अभिमानाने सांगता. छापलीत हे खरंच आहे. 2018 पासून तेच बायबल आपल्या देशात ऑनलाइन विकत घेता येत नाही, हे आपण सांगत नाही.

मशिदींचे घुमट हा आणखी एक खातेनिहाय कार्यक्रम. 2015 पासून आपल्या वरिष्ठांनी ‘धर्माचं चिनीकरण’ असं धोरण धरलं आणि 2018 ते 2022 साठी त्याच्या पंचवार्षिक योजना निघाल्या, ख्रिस्त्यांची वेगळी, मुसलमानांची वेगळी. पंचवार्षिक योजनेत धरणं आणि पोलाद कारखाने असतात असं आम्ही शाळेत शिकलो होतो. निंगशियातल्या वेइझोउच्या मशिदीसमोर ऑगस्ट 2018 मध्ये हुई मुसलमान ठिय्या देऊन बसले, कारण नवी मशीद पाडण्याची नोटीस लागली होती. पाडली नाही, पण घुमट काही वाचले नाहीत. युन्नानमध्ये नागू गावात मे 2023 मध्ये पोलीस आणि गावकरी समोरासमोर आले, घुमट-मिनारांवरूनच. त्याच प्रांतातल्या शादियानच्या भव्य मशिदीचं अरबी रूप 2024 पर्यंत उतरवून तिला पॅगोड्यासारखी छपरं चढवली गेली. शादियान हे साधं गाव नाही. 1975 मध्ये तिथे सैन्य घुसलं, सुमारे 1,600 माणसं मेली, आणि 1979 मध्ये पक्षानेच ती कारवाई चुकीची होती असं मान्य करून गावकऱ्यांची नावं निर्दोष केली. ती जुनी फाइल आपल्याच अभिलेख कक्षात असेल. नवा आदेश काढण्याआधी कोणी उघडून पाहिली होती का?

शिनजियांगबद्दल मला उपरोधाने लिहिता येणार नाही. दाढी ‘असामान्य’ आहे, बुरखा घातला आहे, याला तिथे 2017 च्या नियमावलीने अतिरेकी वर्तन ठरवलं. लाखो उइगुर आणि इतर मुसलमान खटल्याशिवाय छावण्यांत डांबले गेले. तिथे जे झालं ते मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने 31 ऑगस्ट 2022 च्या अहवालात लिहिलं आहे. त्याला आपण व्यावसायिक प्रशिक्षण म्हणता.

चिनीकरणाबद्दल मात्र आणखी थोडं. बुद्धाचा धम्म भारतातून आपल्याकडे आला आणि काही शतकांत इतका चिनी झाला, की ‘छान’ नावाचा ध्यानपंथ, मोठ्या पोटाचा हसरा बुद्ध आणि स्त्रीरूप झालेला अवलोकितेश्वर पाहून आमच्याकडची माणसं गोंधळतात. हे काम कोणत्या खात्याने केलं? भाषांतर करणाऱ्या भिक्खूंनी, व्यापाऱ्यांनी, गावच्या बायाबापड्यांनी केलं. सरकारने हात घातला तेव्हा काय झालं तेही आपल्याच इतिहासात आहे: 845 मध्ये वूझोंग बादशहाने 4,600 विहार मोडले आणि अडीच लाखांवर भिक्खू-भिक्खुणींची चीवरं उतरवली. पुढच्याच वर्षी तो वारला आणि वारसाने धोरण फिरवलं.

आणि ह्युएन त्संग. आमच्या शाळेच्या पुस्तकात तो हमखास असतो, कारण सातव्या शतकात तो महाराष्ट्रात आला होता. दुसऱ्या पुलकेशीचं राज्य त्याने पाहिलं, इथली माणसं उपकार विसरत नाहीत आणि अपमानही विसरत नाहीत असं लिहून ठेवलं, शंभरावर विहार आणि पाच हजार भिक्खू मोजले, आणि शेजारी तितकीच देवळं असल्याचीही नोंद केली. मे 2015 मध्ये आपल्या अध्यक्षांनी आमच्या पंतप्रधानांना शीआनमध्ये त्याच्या ग्रंथांसाठी बांधलेला पॅगोडा दाखवला. त्याआधी 2010 मध्ये आमच्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांनी लुओयांगच्या श्वेत-अश्व विहारात भारतीय धाटणीच्या बौद्ध मंदिराचं लोकार्पण केलं होतं. दोन्ही समारंभांत ह्युएन त्संगाच्या प्रवासाचा एक तपशील कोणी काढला नसावा. तो परवान्याशिवाय निघाला होता. पश्चिमेकडे जायला तांग सरकारची बंदी होती, त्याचा अर्ज मान्य झाला नाही, आणि तो रात्रीच्या अंधारात सीमेवरच्या चौक्या चुकवत वाळवंटात शिरला. 645 मध्ये तो शेकडो ग्रंथ घेऊन परतला तेव्हा बादशहाने जंगी स्वागत केलं आणि सरकारात पद देऊ केलं. ते त्याने नाकारलं. आपल्या आजच्या नियमांत हा माणूस कुठल्या रकान्यात बसतो?

उलट परवान्याच्या चाळणीतून वर आलेले लोक बघा. बौद्ध संघटनेचे अध्यक्ष श्वेचेंग यांना भिक्खुणींच्या लैंगिक छळाच्या आरोपांनंतर 2018 मध्ये पायउतार व्हावं लागलं. शाओलिनचे प्रमुख शी योंगशिन, एकेकाळी त्याच संघटनेचे उपाध्यक्ष आणि आपल्या संसदेचे प्रतिनिधी, 2025 च्या जुलैत मंदिराच्या पैशांच्या अपहारावरून आणि बायकांशी संबंधांवरून चौकशीत सापडले. दोघांचीही कागदपत्रं पूर्ण होती.

आपल्या उत्तराचा मसुदा मी अंदाजाने लिहू शकतो: आधी स्वतःच्या घरात पाहा. पाहतो ना. गुजरात सरकारने एप्रिल 2024 मध्ये परिपत्रक काढून सांगितलं की हिंदू माणसाला बौद्ध व्हायचं असेल तर जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी लागेल. 1956 साली हा नियम नागपुरात असता तर माझ्यासारख्याच एखाद्या कारकुनाच्या टेबलावर लाखो अर्ज पडून राहिले असते. बोधगयेचं महाबोधी विहार 1949 च्या कायद्याने अशा समितीकडे आहे जिच्यात बौद्धांचं बहुमत नाही, आणि त्याविरुद्ध 2025 च्या फेब्रुवारीपासून भिक्खूंनी आंदोलन चालवलं. त्या आंदोलनाला आमच्या वस्तीतून गाड्या भरून माणसं गेली. मीही पत्रं लिहिली, माझ्याच सरकारला, नाव-पत्त्यासकट. शिनजियांगमधल्या किंवा ल्हासामधल्या निवृत्त कारकुनाला हे करता येत असेल तर मी माझं म्हणणं मागे घेतो.

आणि हा विषय आमच्यासाठी नवाही नाही. 26 ऑगस्ट 1954 रोजी राज्यसभेत बाबासाहेब भारत-चीनमधल्या पंचशील करारावर बोलले होते. पंचशील हा बौद्ध धम्माचा गाभा. माओंचा त्यावर खरंच विश्वास असता तर त्यांनी स्वतःच्या देशातल्या बौद्धांना निराळं वागवलं असतं, असा बाबासाहेबांचा मुद्दा होता. तेव्हा दलाई लामा निर्वासित होऊन भारतात आलेही नव्हते.

गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ 1972 पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. धान पिकवतात, आणि थंडी पडली की विदर्भातल्या शहरांत स्वेटरची दुकानं मांडतात. गेल्या हिवाळ्यात मी एका दुकानात गेलो. गल्ल्यावर दलाई लामांचा फोटो, त्याला खादा, म्हणजे त्यांच्याकडचं मानाचं उपरणं, घातलेली. ल्हासात हाच फोटो घरात सापडला तर पोलीस येतात. दुकानदार बाई साठीच्या, मराठी अगदी झाडीपट्टीच्या वळणाची. मी विचारलं, ताई, पुढचे लामा कुठे जन्मतील हो? त्या म्हणाल्या, “त्याईले जिथं यायचं तिथं येतीन. तुमाले एक्सएल लागन का डबल एक्सएल?” पुनर्जन्मावर माझा विश्वास नाही हे त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, नसू द्या, भाव तोच राहील.

तेव्हा माझी मागणी मोठी नाही. तिबेटचं राजकारण, सीमा, 1962, हे सगळं बाजूला ठेवतो. 25 एप्रिल 1989 रोजी जन्मलेल्या गेधुन चोक्यी न्यिमा या इसमाबद्दल आपल्या परराष्ट्र खात्याच्या प्रवक्त्याने मे 2020 मध्ये सांगितलं, की तो पदवीधर आहे, नोकरी करतो आणि त्याला कोणी त्रास दिलेला आवडणार नाही. नोकरी करतो म्हणता, तर कुठल्या तरी हजेरीपुस्तकावर त्याची सही असेल, पगारपत्रकावर नाव असेल. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीला 1996 पासून त्याची खबर हवी आहे. तिच्या एका माणसाला त्याच्याशी तासभर बोलू द्या, तिबेटीत आणि आपला अधिकारी खोलीत नसताना. मी लामा नाही, माझ्याशी कोणी संपर्क साधू नका, असं तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला तर त्याला एकटं सोडा, आणि आम्हीही सोडू. आदेश क्रमांक 5 त्यानंतर रद्द करायला एक ओळ पुरते. ‘सदर आदेश अधिक्रमित करण्यात येत आहे’ असा मायना आमच्याकडे चालतो, हवा असल्यास वापरावा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त अव्वल कारकून, नागपूर

प्रत : माहिती व योग्य त्या कार्यवाहीसाठी, चीनचा महावाणिज्य दूतावास, मुंबई